मोहरीएवढा थेंब

किडनी रोपणाची वाट पाहणाऱ्या घरात एक शब्द उलट्या अर्थाने रुळलेला असतो. आईने मुलाला किडनी द्यायचे ठरते, तपासण्यांची फाइल जाडजूड होते आणि एके दिवशी प्रयोगशाळेतून निरोप येतो: क्रॉसमॅच निगेटिव्ह. नवखा पाहुणा हळहळतो, घरचे मात्र देवापुढे साखर ठेवतात. ही तपासणी ज्या तळहातावर मावणाऱ्या पारदर्शक तबकडीत होते तिला मुंबई-पुण्यातले तंत्रज्ञही ‘तेरासाकी ट्रे’च म्हणतात. तेरासाकी हे माणसाचे नाव की कंपनीचे, असा प्रश्न रोजच्या धांदलीत कुणाला पडत नाही.

ते माणसाचे नाव आहे. त्या माणसाने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, म्हणजे यूसीएलएमध्ये, टिश्यू टायपिंगची प्रयोगशाळा उभी केली. अवयवदानाची स्मरणिका निघाली की दात्यांवर लिहिले जाते, सर्जनांवर लिहिले जाते, समन्वयकांवर लिहिले जाते, आणि ते रास्तच आहे. रक्ताच्या नळ्या जपून ठेवणाऱ्यांचा इतिहास मात्र सहसा कुणी छापत नाही. या प्रयोगशाळेची हकीकत मुळात तशा नळ्यांची आहे. त्या कुणी दिल्या, त्या कशा टिकवल्या, आणि पुढे त्यांनी मालकाचेच म्हणणे कसे खोडून काढले, याची.

पॉल इचिरो तेरासाकी यांचा जन्म १९२९ सालचा, लॉस एंजेलिसचाच. आईवडील जपानहून आलेले. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत नेऊन ठेवले. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते. तेरासाकी कुटुंबाच्या वाट्याला अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातली हीला रिव्हर छावणी आली. पॉल तेव्हा बारा वर्षांचे होते. युद्धानंतर कुटुंब शिकागोला गेले आणि १९४८ मध्ये पॉल शिक्षणासाठी यूसीएलएत आले. पदवी, पदव्युत्तर पदवी आणि १९५६ मधली पीएच.डी., तिन्ही तिथलीच, तिन्ही प्राणिशास्त्रातली. डॉक्टरकी त्यांनी कधी केली नाही. उभा जन्म शस्त्रक्रिया विभागात काढलेला हा प्राणिशास्त्रज्ञ सुरुवातीला कोंबडीच्या पिल्लांवर कातडीचे तुकडे लावून ते टिकतात का, एवढेच पाहत होता.

१९५७ मध्ये ते वर्षभरासाठी लंडनला पीटर मेडावर यांच्याकडे गेले. परकी कातडी शरीर का नाकारते, याचा पाया घालणारे ते मेडावर. १९६० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्या काळच्या जाणकारांचे मत असे होते की परका अवयव मारतात त्या पांढऱ्या पेशी स्वतः. रक्तात तरंगणाऱ्या अँटीबॉडींचा त्यात फारसा हात नाही. लॉस एंजेलिसला परतल्यावर तेरासाकींनी नेमके अँटीबॉडींनाच हात घातला. शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख विल्यम लाँगमायर यांनी त्यांना जागा दिली आणि मोकळीकही दिली. विभागप्रमुखाने एका बिगरडॉक्टराला स्वतःच्या मनाने काम करू द्यावे, ही गोष्ट आजही सर्रास घडत नाही.

तेव्हा किडनी रोपण म्हणजे जवळजवळ नशिबाचा खेळ होता. बोस्टनमध्ये डिसेंबर १९५४ मध्ये जोसेफ मरी यांनी केलेले रोपण यशस्वी झाले, कारण देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते. जुळे नसलेल्यांचे काय? रक्तगट जुळला तरी किडनी नाकारली जात होती, म्हणजे रक्तगटाखेरीज आणखी काही खुणा असणार. त्यांचा माग काढायचा तर त्या खुणा ओळखणाऱ्या अँटीबॉडी हव्यात. त्या आणायच्या कुठून?

उत्तर प्रसूतिगृहांत होते. पोटातल्या बाळात अर्ध्या खुणा बापाच्या, म्हणजे आईच्या शरीराला परक्या. एकेका बाळंतपणासरशी काही स्त्रियांच्या रक्तात त्या परक्या खुणांविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात. १९५८ मध्ये स्टॅनफर्डच्या रोझ पेन आणि हॉलंडमधल्या लेडनचे यॉन व्हान रूड यांनी हे एकमेकांना न कळवता, स्वतंत्रपणे दाखवून दिले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जाँ दोसे यांनी पांढऱ्या पेशींवरची अशी पहिली खूण नोंदवली. पुढे या खुणांना एचएलए हे नाव पडले आणि त्या ओळखण्याला टिश्यू टायपिंग. थोडक्यात, साऱ्या जगाच्या टिश्यू टायपिंगचा कच्चा माल लेकुरवाळ्या बायकांच्या शरीरात तयार होत होता. लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेने बाळंतिणींची हजारो सीरम (रक्त साकळल्यावर वेगळा होणारा द्रव) तपासली. ज्या बायांच्या रक्तावर हे शास्त्र उभे राहिले, त्यांची नावे कुठल्याही शोधनिबंधावर नाहीत. नळीवरचे क्रमांक तेवढे आहेत.

अडचण होती ती हिशेबाची. पांढऱ्या पेशी तपासण्याच्या जुन्या पद्धतींना सीरम भरपूर लागे आणि निकालही भरवशाचा नसे. एका बाळंतिणीकडून मिळालेली बाटली थोड्या चाचण्यांतच रिकामी झाली तर संग्रह करणार कशाचा?

१९६४ मध्ये तेरासाकी आणि जॉन मॅक्लेलँड यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटी युक्ती छापली. ती समजून घेण्यासारखी आहे. बारीक खड्ड्यांची तबकडी घ्यायची. प्रत्येक खड्ड्यात आधी तेल घालायचे, म्हणजे आत सोडलेला थेंब सुकत नाही. मग बारीक सुईने सीरमचा एक मायक्रोलिटरचा थेंब तेलाखाली सोडायचा. एक मायक्रोलिटर म्हणजे बारीक मोहरीच्या दाण्याएवढा गोळा. त्यात तपासायच्या माणसाच्या पांढऱ्या पेशी घालायच्या आणि थोड्या वेळाने सशाचे सीरम. सशाच्या सीरममध्ये असे घटक असतात की अँटीबॉडी पेशीला चिकटली असेल तर ते त्या पेशीचे आवरण फोडतात. शेवटी रंग. मेलेल्या पेशीत रंग शिरतो आणि ती काळवंडते. जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली लख्ख चमकत राहते. मेलेल्या किती आणि जिवंत किती, एवढे मोजायचे. मूळ कल्पना उंदरांवरच्या कामातली, १९५६ मधली, लंडनच्या पीटर गोरर यांची. तेरासाकींनी तिला मोहरीच्या मापावर आणले.

हे माप लहान झाले म्हणून बाकीचे सगळे घडले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दहा मिलिलिटर सीरममध्ये आता दहा हजार चाचण्या बसू लागल्या. जी बाटली महिन्याभरात संपायची ती वर्षानुवर्षे पुरणार, म्हणून ती जपण्यात अर्थ आला. चाचणीला इतके कमी रक्त लागते म्हटल्यावर रुग्णाच्या रक्ताचा थोडा भाग ‘पुढे कधी लागला तर’ म्हणून बाजूला काढणेही परवडू लागले. वाणसामानाची साठवण करणाऱ्या कुठल्याही गृहिणीला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. जुन्या मोजमापात मायक्रोलिटरला ‘लॅम्डा’ म्हणत. हा शब्द लक्षात ठेवायला हवा. पुढे तो एका कंपनीच्या पाटीवर चढला.

साठवणीचे शास्त्र मात्र वाणसामानाइतके सोपे नाही. सीरम गोठवले की अँटीबॉडी वर्षानुवर्षे टिकतात. पण नळी वारंवार काढून वितळवली आणि पुन्हा गोठवली की ताकद घटत जाते. म्हणून एका मोठ्या नळीऐवजी अनेक छोट्या कुप्या भरून ठेवायच्या आणि एकेक काढायची. सशाच्या सीरममधले घटक त्याहून नाजूक; ते सामान्य तापमानाला थोडा वेळ राहिले तरी निकामी होऊ लागतात. जिवंत पांढऱ्या पेशी साठवायच्या तर संरक्षक द्रव घालून त्या हळूहळू थंड कराव्या लागतात आणि शेवटी उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवाव्या लागतात. मेंदूमृत दात्याच्या बाबतीत पेशींचा मोठा साठा प्लीहेतून आणि लसिकाग्रंथींतून मिळतो. अवयव काढले जात असतानाच त्यांचे तुकडे प्रयोगशाळेकडे रवाना होतात. सीरम भरून गोठवलेल्या तबकड्या कोरड्या बर्फात बांधून दूरदेशी धाडता येऊ लागल्या. एकाच नळीतले थेंब दोन खंडांत तपासले जाऊ लागले, तेव्हा कुठे एका गावच्या निकालाची तुलना दुसऱ्या गावच्या निकालाशी करण्यात हशील उरले.

आणि चिठ्ठी. शीतकपाटातल्या कुपीवरची चिठ्ठी गळून पडली तर आतला ऐवज पाण्याच्या मोलाचा. कुणाचे रक्त, कोणत्या तारखेचे, रोपणाआधीचे की नंतरचे, हे ठाऊक नसेल तर हजारो कुप्यांचा साठा नुसते वीजबिल वाढवतो. या प्रयोगशाळेची खरी शिस्त इथे दिसते. तेरासाकींच्या सहकाऱ्यांत एम. रे मिकी नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते आणि त्यांचे नाव या प्रयोगशाळेच्या महत्त्वाच्या निबंधांवर वारंवार येते. सीरम आणि नोंदवही यांचे लग्न लावण्याचे काम या गृहस्थांचे.

संग्रहाला पहिले मोठे काम मिळाले ते डेन्व्हरमधून. तिथे टॉम स्टार्झल मोठ्या संख्येने किडनी रोपणे करत होते आणि त्यांचे बरेच रुग्ण जगत होते, हीच तेव्हा बातमी होती. १९६४ पासून तेरासाकींची तबकडी आणि स्टार्झल यांचे रुग्ण अशी जोडी जमली. आधी झालेल्या रोपणांत देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या खुणा किती जुळत होत्या ते मागाहून तपासायचे आणि पुढच्या रोपणांत दाता निवडताना आधीच पाहायचे, असा दुहेरी उद्योग होता. त्यात एक भयंकर प्रकार लक्षात आला. काही वेळा नवी किडनी जोडताच, शस्त्रक्रियेच्या टेबलावरच निळी-काळी पडे. सर्जनच्या हातून काही चुकलेले नसे. रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी आधीपासूनच हजर असत. आधीच्या बाळंतपणांमुळे, पूर्वी चढवलेल्या रक्तामुळे, किंवा आधीच्या अयशस्वी रोपणामुळे.

रक्त चढवण्याआधी देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या रक्ताची जुळणी पाहणे ही रक्तपेढीची जुनी चाल. मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवलेला, ‘बॉम्बे’ नावानेच जगभर ओळखला जाणारा रक्तगट असाच जुळणीच्या अडचणीतून हाती लागला होता. तीच चाल तेरासाकींनी किडनीला लावली: दात्याच्या पांढऱ्या पेशी, रुग्णाचे सीरम, एक खड्डा. पेशी मेल्या तर क्रॉसमॅच पॉझिटिव्ह, रोपण करायचे नाही.

हे सांगणे सोपे होते, सिद्ध करणे कठीण. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या रुग्णाला मिळालेली किडनी एका तबकडीच्या शब्दावर परत का करायची? पटेल आणि तेरासाकी यांचा १९६९ चा निबंध या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि ते उत्तर रोपणाआधी घेतलेल्या सीरममधून आले. २२५ रोपणांपैकी ३० मध्ये क्रॉसमॅच पॉझिटिव्ह होती. त्यांतल्या २४ किडन्या लगोलग निकामी झाल्या. उरलेल्या १९५ मध्ये असे घडले ते फक्त आठ वेळा. आकडे इतके बोलके होते की पुढे क्रॉसमॅच न करता किडनी बसवणे हा जगभर बेजबाबदारपणा मानला जाऊ लागला. आपल्याकडे घरच्यांना कळते ती ‘निगेटिव्ह’ची गोड बातमी या निबंधाचे नातवंड आहे. पटेल हे आडनाव पाहून गुजराती वाचकाला जो आनंद होईल तो त्याने खुशाल घ्यावा.

आता त्या संग्रहाने मालकालाच कसे कोंडीत पकडले, ते पाहू. हा भाग इतर इतिहासांत एका ओळीत उरकला जातो.

१९७० पर्यंत प्रयोगशाळेचे नाव चारी खंडांत झाले होते. एचएलएची चौथी आंतरराष्ट्रीय कार्यशाळा त्याच वर्षी लॉस एंजेलिसला भरली. सगळ्यांचा समज असा होता की खुणा जितक्या जास्त जुळतील तितकी किडनी जास्त टिकेल. तेरासाकींची कीर्ती, त्यांच्या प्रयोगशाळेचा पैसा, सगळे याच समजावर उभे होते. त्या सप्टेंबरात हेगला प्रत्यारोपण संस्थेचे अधिवेशन होते. तिथे तेरासाकींनी स्वतःच्या नोंदी मांडल्या. सख्ख्या भावाबहिणींत जुळणी पूर्ण असेल तर किडनी उत्तम टिकते. पण मृत, अनोळखी दात्याच्या किडनीत जुळणीचा आणि टिकण्याचा संबंध जवळपास दिसत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

सभागृहात खळबळ माजली. ज्याने दुकान उघडले तोच माल खोटा म्हणतो, असे ते झाले. स्टार्झल यांनी ‘द पझल पीपल’ या आपल्या आठवणींत याचे वर्णन केले आहे. थोड्याच अवधीत अनुदान देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे तपासणी पथक लॉस एंजेलिसला धडकले आणि पैशाचा ओघ थांबला. इतरांच्या नोंदींतूनही तेच दिसू लागले तेव्हा तेरासाकींचा मान पूर्ववत झाला. तेरासाकींना निष्कर्ष थोडा मऊ करता आला असता. आकडे आणखी जमवू, मग बोलू, असे म्हणत दोन वर्षे काढता आली असती. हे निमित्त विज्ञानात कधीच अमान्य होत नाही. त्यांनी ते काढले नाही. नळ्या आणि नोंदवह्या मोठ्या असल्या की मालकाला कधीतरी हा प्रसंग येतोच, आणि बरेच जण तेव्हा शीतकपाटाचे दार लावून घेतात.

ते म्हणाले ते त्यांच्या हातातल्या साधनांपुरते खरे होते. तेव्हा ओळखता येत होत्या त्या खुणांच्या दोनच मालिका. डीआर नावाची तिसरी महत्त्वाची मालिका नंतर उजेडात आली. १९७८ मध्ये ऑक्सफर्डच्या अ‍ॅलन टिंग आणि पीटर मॉरिस यांनी डीआर जुळल्यास मृत दात्याची किडनीही अधिक टिकते, असे दाखवले. भावाबहिणींत पूर्ण जुळणी म्हणजे गुणसूत्राचा तो सबंध तुकडाच सारखा, त्यात न दिसलेली डीआरही आपोआप जुळलेली. अनोळखी दात्यात दिसणारे जुळे, न दिसणारे जुळत नसे. हेगच्या कोड्याचा बराचसा उलगडा यात होता.

खळबळीनंतरच्या वर्षांत संग्रहाने आणखी दोन अनपेक्षित गोष्टी दिल्या. पहिली १९७३ ची. गेरहार्ड ओपेल्झ हे जर्मन संशोधक तेव्हा तेरासाकींकडे होते. नोंदी चाळताना त्यांना दिसले की रोपणाआधी ज्यांना रक्त चढवलेले होते त्यांच्या किडन्या, न चढवलेल्यांपेक्षा जास्त टिकल्या होत्या. हे सर्वमान्य समजुतीच्या अगदी उलट. रक्त चढवल्याने अँटीबॉडी होतात म्हणून सर्जन रक्त द्यायला कचरत होते, आणि इथे रक्त मित्र ठरले. पुढची काही वर्षे अनेक केंद्रांनी रुग्णांना मुद्दाम रक्त दिले. १९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिन बाजारात आले आणि हा फायदा त्या औषधाच्या सावलीत पुसट होत गेला.

दुसरी गोष्ट किडनीची नाहीच, पाठीची आहे. १९७३ मध्येच प्रयोगशाळेत सांधेदुखीच्या वेगवेगळ्या रुग्णांच्या पेशी तबकड्यांत घालून पाहिल्या गेल्या. गाऊटवाल्यांत आणि संधिवातवाल्यांत काही विशेष निघाले नाही. पण कणा ताठरत जाणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या ४० रुग्णांपैकी ३५ जणांत एक ठरावीक खूण सापडली; निरोगी ९०६ जणांत ती ८ टक्क्यांनाच होती. लंडनच्या ब्रूअर्टन यांच्या गटालाही त्याच सुमारास तेच दिसले. ती खूण म्हणजे आजची एचएलए बी-२७. सकाळी पाठ आखडते म्हणून सोलापूरच्या किंवा सांगलीच्या डॉक्टराकडे गेलेला तरुण ‘बी-ट्वेंटीसेव्हन करून घ्या’ अशी चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो, तिचे मूळ इथे आहे. किडनीसाठी जमवलेली सीरम हाताशी तयार नसती तर या रुग्णांची तपासणी इतक्या सहज झाली नसती.

ओपेल्झ पुढे जर्मनीला परतले आणि १९८२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी अनेक देशांतल्या रोपण केंद्रांचा सामायिक अभ्यास सुरू केला. लॉस एंजेलिसचे बी युरोपात पेरले गेले म्हणायचे. त्या अभ्यासाने नमुना जपण्याचा अर्थ आणखी एका अंगाने दाखवला. १९९० च्या सुमारास डीएनएवरून खुणा वाचता येऊ लागल्या, तेव्हा सीरमने ओळखलेले डीआरचे गट आणि डीएनएने सांगितलेले गट ताडून पाहिले गेले. सुमारे पाव निकाल चुकलेले निघाले! म्हणजे कागदावर जुळलेली पुष्कळ रोपणे प्रत्यक्षात जुळलेली नव्हतीच. दुरुस्त केलेल्या निकालांनी हिशेब पुन्हा मांडल्यावर जुळणीचा फायदा आधीपेक्षा स्पष्ट दिसला. ज्या केंद्रांत फक्त ‘डीआर-४’ असा शेरा उरला होता आणि नमुना फेकला गेला होता, त्यांना ही दुरुस्ती करता येणे शक्यच नव्हते. शेरा जुना होतो, कारण तो त्या दिवशीच्या यंत्राचा असतो. नमुन्याला नवे यंत्र आले की नवा प्रश्न विचारता येतो.

यूसीएलएची स्वतःची रोपण नोंदवहीही याच काळात फुगत गेली आणि १९८५ पासून ‘क्लिनिकल ट्रान्सप्लांट्स’ हा तिचा वार्षिक ग्रंथ निघू लागला.

जमवलेल्या पेशी कुणाच्या? साठच्या दशकात हा प्रश्न फारसा कुणी विचारत नव्हते. रुग्णालयात काढलेले रक्त हे रुग्णालयाचे, असाच सगळीकडे शिरस्ता होता. हा प्रश्न न्यायालयात गेला तो योगायोगाने यूसीएलएतूनच, पण दुसऱ्या विभागातून. टिश्यू टायपिंगशी त्याचा संबंध नाही. जॉन मूर या ल्युकेमियाच्या रुग्णाची प्लीहा १९७६ मध्ये तिथे काढली गेली. तिच्यातल्या पेशींपासून एक पेशीवंश तयार झाला आणि १९८४ मध्ये त्याचे पेटंटही मिळाले. मूर मात्र उपचाराचा भाग समजून वर्षानुवर्षे सिअ‍ॅटलहून नमुने द्यायला येत राहिले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: काढून टाकलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी राहत नाही, पण संशोधनात आणि पैशात आपला कोणता हितसंबंध आहे हे डॉक्टरने आधी सांगितलेच पाहिजे. अर्धा निकाल रुग्णालयाच्या बाजूने, अर्धा रुग्णाच्या. त्यानंतर नमुना देताना सही घ्यायच्या कागदाची लांबी वाढत गेली, हे सगळ्यांनी पाहिले आहे.

आपल्याकडचा १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांनी मागणीचे ठराव केल्यानंतर. २०११ च्या दुरुस्तीने त्याच्या नावात आणि कक्षेत अवयवांबरोबर ऊतीही आल्या. तो कायदा प्रामुख्याने रोपणाचा; संशोधनासाठी नमुने कसे मागावे, कसे साठवावे, संमती कशी घ्यावी याची चौकट भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सापडते. बाळंतिणीच्या वारेतले रक्त न विचारता उचलण्याचे दिवस कागदोपत्री तरी संपले आहेत.

१९८४ मध्ये तेरासाकींनी आपल्या आठ माजी विद्यार्थ्यांबरोबर कंपनी काढली आणि तिचे नाव ठेवले वन लॅम्डा. एक मायक्रोलिटर! प्रयोगशाळेत हातांनी भरल्या जाणाऱ्या तबकड्या आता कारखान्यात भरून विकल्या जाऊ लागल्या. विद्यापीठातले ज्ञान दुकानात गेले म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. पण प्रमाणित तबकडी मिळाल्यामुळे लहान गावातल्या प्रयोगशाळेलाही टायपिंग करता येऊ लागले, हा फायदा त्या नाकांना दिसला नसावा. २०१२ मध्ये थर्मो फिशरने ही कंपनी ९२.५ कोटी डॉलरना घेतली. त्याआधी, २०१० मध्ये, तेरासाकींनी यूसीएलएला ५ कोटी डॉलर दिले आणि तिथल्या जीवशास्त्राच्या इमारतीला त्यांचे नाव लागले. हीला रिव्हरच्या बराकीतून आलेल्या मुलाची ही कथा वर्तमानपत्रांना साहजिकच आवडली.

प्रयोगशाळेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते वेगळेच. १९९९ मध्ये निवृत्त झाल्यावर तेरासाकींनी स्वतःच्या प्रतिष्ठानाची नवी प्रयोगशाळा थाटली आणि सत्तरीत जुनाच वाद उकरून काढला. रोपणानंतर पाच-दहा वर्षांनी किडनी हळूहळू का मरते? क्रॉसमॅच निगेटिव्ह होती, औषधे चालू होती, तरीही. २००३ मध्ये त्यांनी ठामपणे मांडले की दोष अँटीबॉडींचा आहे. रोपणानंतर नव्याने तयार होणाऱ्या अँटीबॉडी अवयवाच्या रक्तवाहिन्यांना वर्षानुवर्षे पोखरतात. पुढच्याच वर्षी अनेक केंद्रांतल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांची सीरम तपासून, ज्यांच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत त्यांच्या किडन्या अधिक संख्येने निकामी होतात, असे त्यांनी आणि सहकारी मिकी ओझावा यांनी दाखवले. मेडावर यांच्या लंडनमध्ये दुय्यम मानलेली गोष्ट पन्नासेक वर्षांनी मुख्य आरोपी म्हणून उभी राहिली. आज रोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणे ही जगभरची नेहमीची तपासणी आहे. सगळा दोष अँटीबॉडींवर ढकलणे जरा जास्तच होते, पेशींचाही वाटा आहेच, असे बहुतेक तज्ज्ञ म्हणतील. तेरासाकींना एका बाजूला झुकायची हौस होती, हे त्यांच्या चाहत्यांनाही मान्य व्हावे. २५ जानेवारी २०१६ रोजी, ८६ व्या वर्षी, ते गेले.

यूसीएलएतली मूळ प्रयोगशाळा आता इम्युनोजेनेटिक्स सेंटर या नावाने चालते. मोहरीएवढ्या थेंबांच्या जोडीला तिथे आता रंगीत सूक्ष्म मणी आले आहेत. एकेका मण्यावर एकेक खूण चिकटवलेली असते आणि लेसरच्या उजेडात यंत्र ते मोजते. डीएनएची अक्षरे थेट वाचली जातात. पण प्रतीक्षा यादीतल्या रुग्णाकडून ठरावीक दिवसांनी थोडे रक्त घ्यायचे, सीरम वेगळे करायचे, तारीख घालून गोठवायचे, हा नेम जुनाच आहे, आणि तो मुंबईतही तसाच पाळला जातो. रुग्णाच्या अँटीबॉडी काळानुसार चढतात, उतरतात. आज शांत दिसणारे रक्त दोन वर्षांपूर्वी, एखाद्या रक्त चढवण्यानंतर, खवळलेले असू शकते. म्हणून रात्री दोन वाजता मेंदूमृत दात्याची वर्दी येते आणि लसिकाग्रंथीचा तुकडा बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पोचतो, तेव्हा ड्युटीवरचा तंत्रज्ञ त्या रुग्णाची एकच कुपी काढत नाही. तो नोंदवही उघडतो, ताज्या तारखेची एक कुपी घेतो, आणि मागच्या सगळ्या तारखांतली सर्वांत वाईट निकालाची दुसरी घेतो. मग दोन्ही टेबलावर वितळत ठेवून दात्याच्या पेशी वेगळ्या करायला बसतो.